विषय: कोल्हापूरच्या आई-बाबांसाठी मासिक वर्गणी नसलेला टीव्ही रेकॉर्डर

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

माझे आई-बाबा कोल्हापुरात शाहूपुरीत राहतात आणि दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. सायंकाळी अंबाबाईचे दर्शन घेऊन परत येईपर्यंत बाबांच्या सह्याद्रीवरच्या बातम्या संपलेल्या असतात आणि आईची मालिकाही अर्धी झालेली असते, म्हणून कार्यक्रम साठवून नंतर पाहता येतील असे एखादे सोपे यंत्र घेण्याचा विचार आहे. दरमहा रिचार्जची कटकट बाबांना नको आहे. इथे इंग्लंडमध्ये लेस्टरला आम्ही फ्रीव्ह्यूचा, म्हणजे इथल्या वर्गणीशिवायच्या टीव्ही सेवेचा, रेकॉर्डर वापरतो. एक बटण दाबले की मालिकेचे सगळे भाग तो आपोआप साठवतो. दिवाळीला जाताना तसाच एक बॅगेतून न्यावा काय? जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

आपली,
लेस्टरची सभासद

---

ताई, सप्रेम नमस्कार.

इथला रेकॉर्डर कृपया नेऊ नका. फ्रीव्ह्यूचा बॉक्स छपरावरच्या अँटेनातून येणारे प्रक्षेपण पकडतो. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपणे बहुतेक ठिकाणी २०२२ पर्यंत बंद झाली आणि त्यांची जागा घेणारे डिजिटल प्रक्षेपण मुंबईसारख्या मोजक्या शहरांनाच मिळाले, त्यामुळे कोल्हापुरात त्या बॉक्सला पकडण्यासारखे काही उरलेले नाही. फ्रीसॅट या इथल्या उपग्रहावरच्या मोफत सेवेचेही तेच, कारण त्याचे २८.२ अंश पूर्वेवरच्या उपग्रहांवरून येणारे प्रक्षेपण ब्रिटनकडे रोखलेले असते.

तिकडे वर्गणीशिवाय टीव्ही पाहायचा तर प्रसार भारतीची डीडी फ्री डिश हाच खरा मार्ग आहे. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. छत्री, बॉक्स आणि बसवणावळ यांचा एकदाच खर्च येतो, त्यानंतर दरमहा काही भरावे लागत नाही. जीसॅट-१५ हा तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे कोल्हापूरच्या गच्चीवरून आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर. त्या बाजूला शेजारची उंच इमारत किंवा नारळाचे झाड आडवे येत नाही ना, एवढे आधी पाहून घ्या. आपल्याकडच्या जुलैतल्या मुसळधार पावसात चित्र अडखळते आणि तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्येही तुटकाच येतो. त्याला इलाज नाही.

आता मुख्य मुद्दा. यंत्र निवडण्याआधी आईंची मालिका कोणत्या वाहिनीवर लागते ते विचारा. सह्याद्री फ्री डिशवर आहे, परंतु स्टार प्रवाह, झी मराठी यांसारख्या सशुल्क वाहिन्या तिथे दिसत नाहीत, आणि खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जात असल्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. मालिका सशुल्क वाहिनीवर असेल तर कितीही चांगला रेकॉर्डर घेतला तरी वर्गणी चुकत नाही. अशा वेळी मी तरी रेकॉर्डरच्या फंदात पडणार नाही, कारण त्या वाहिन्या रात्रीचे भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतातच.

फ्री डिशसाठी यूएसबीवर रेकॉर्डिंग करणारा साधा बॉक्स घ्यावा. साध्या दर्जाच्या चित्राचा एक तास साधारण एक-दीड जीबी जागा घेतो, त्यामुळे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह दोघांना पुरेसा आहे. अशा बॉक्समध्ये बहुधा एकच ट्यूनर, म्हणजे वाहिनी पकडणारा भाग, असतो. त्यामुळे बाबांच्या बातम्या साठवल्या जात असताना आईंनी दुसरी वाहिनी लावली, तर रेकॉर्डिंग बंद करू का असा प्रश्न पडद्यावर इंग्रजीत येतो, आणि घाईत कोणीही ‘ओके’ दाबते. इथल्यासारखी मालिकेचे सगळे भाग आपोआप साठवण्याची सोयही तिथे गृहीत धरू नका. वेळ घालून रोजचा टाइमर लावावा लागतो. तो तुम्ही किंवा भाच्याने एकदा लावून द्यावा आणि आई-बाबांकडे फक्त साठवलेले पाहण्याचे काम ठेवावे. टाइमर पाच मिनिटे आधी सुरू होऊन दहा मिनिटे उशिरा संपेल असा ठेवा.

खरी अडचण मात्र भिंतीवरच्या बटणाची असते. आपल्याकडची वडीलधारी मंडळी घराबाहेर पडताना टीव्हीचे बटण भिंतीवरूनच बंद करतात, आणि वीज वाचवण्याची ती सवय पन्नास वर्षांची असल्यामुळे सांगून सुटत नाही. बॉक्सला वीजच नसेल तर टाइमर चालायचा कसा? म्हणून टीव्हीचे बटण त्यांच्या हाताशी राहू द्या आणि बॉक्सची जोडणी वायरमनकडून कपाटामागच्या वेगळ्या पॉइंटवर, शक्य असल्यास इन्व्हर्टरच्या लाइनवर, करून घ्या. वळिवाचे ढग जमू लागले की मात्र, विजा कडाडण्याआधीच, छत्रीची केबल काढून ठेवायला सांगा.

बॉक्स स्थानिक दुकानातूनच घ्या, म्हणजे छत्री हलली तर गच्चीवर चढायला माणूस मिळतो. दुकानात बाबांना सोबत न्या, रिमोट त्यांच्या हातात द्या आणि रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमांची यादी किती बटणांत उघडते ते पाहा. दोनपेक्षा जास्त लागत असतील तर दुसरा बॉक्स दाखवायला सांगा, मग पहिला कितीही स्वस्त असो.

घरी केबल टीव्हीची जोडणी असेल तर ती तोडण्याची घाई करू नका. नोव्हेंबरमधला अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीचे किरण मूर्तीवर पडतात तो सोहळा, बरेच लोक घरबसल्या स्थानिक केबलवर पाहतात, आणि ते स्थानिक चॅनेल फ्री डिशच्या छत्रीवर येत नाही.

आपला,
स्लाऊचा सभासद, मूळचा मंगळवार पेठेतला

---

दादा, मनःपूर्वक आभार.

काल आईशी बोलले. तिची मालिका सशुल्क वाहिनीवरचीच निघाली, आणि चुकलेला भाग ती दुपारी जेवणानंतर पाहतेच, हे मला ठाऊकच नव्हते. किरणोत्सवासाठी केबलही तिला हवीच आहे, तेव्हा केबल राहील. बाबा सह्याद्रीवरच्या बातम्यांसाठी फ्री डिशचा बॉक्स घ्यायला तयार आहेत, परंतु जुन्या टीव्हीला एचडीएमआयची एकच खाच आहे आणि तिथे केबलचा बॉक्स जोडलेला आहे. फ्री डिशचा बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या एव्ही तारेने जोडला तर चालेल ना? तसे असेल तर टीव्हीच्या रिमोटवरच्या ‘सोर्स’ बटणाला रंगीत पट्टी चिकटवायला भाच्याला सांगते.