'उत्तेजनार्थ' म्हणजे हरले का?

भाचीला निबंधस्पर्धेत बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रावर तिच्या नावापुढे शाईने लिहिलंय, 'उत्तेजनार्थ'. लक्ष्मी रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली तशी ती हळूच म्हणाली, "मावशी, उत्तेजनार्थ म्हणजे हरलेच ना मी?" मी काही बोलायच्या आत रिक्षावाले काका आरशातून म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षी परत या!"

याहून नेमका अर्थ मला तरी सांगता आला नसता.

घरी येऊन शब्द उसवला. उत् अधिक तिज्. तिज् हा संस्कृत धातू धार लावण्याचा. तीक्ष्ण आणि तेज ही त्याचीच पोरं. म्हणजे उत्तेजन देणं हे गोंजारणं नव्हे, सुरी घासणं आहे. इथेच ते धीर आणि दिलासा यांच्यापासून वेगळं होतं. घाबरलेल्याला धीर देतात. दिलासा फारसीतून आलेला, त्यात 'दिल' सरळ दिसतंच. तो मनाला विसावा देतो. निकालाच्या आदल्या रात्री धीर, मार्क कमी पडले की दिलासा. उत्तेजन मात्र ज्याच्याकडून अजून काही व्हायचंय त्यालाच.

गंमत म्हणजे तितिक्षा, म्हणजे सोसण्याची ताकद, हीसुद्धा तिज् वरूनच. आणि हल्ली उत्तेजनाच्या जागी येऊन बसलेलं प्रोत्साहन? ते सह् धातूचं, म्हणजे सहनाचं सख्खं भावंड. कुठूनही गेलं तरी सोसणं आहेच!

पुण्याला खरं तर हा शब्द परका नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही भरवते ती वक्तृत्वोत्तेजक सभा. ग्रंथोत्तेजक संस्थाही इथलीच. पण खेळाच्या पानावर 'उत्तेजक द्रव्य' वाचून वाढलेल्यांना, त्यात हिंदीतल्या 'उत्तेजित'ची भर, हा शब्द अवघडल्यासारखा वाटतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या चित्रकला स्पर्धेच्या फलकावर मी 'उत्तेजनार्थ दोन बक्षिसे' लिहिलं, तर एक कार्यकर्ता म्हणाला, "काकू, 'प्रोत्साहनपर' करा ना, हे कसंतरीच वाटतं." मी खडू खाली ठेवला नाही.

वापराचं एक राहिलं. 'उत्तेजनार्थ' म्हणजे 'उत्तेजनासाठी', तेव्हा पुढे 'बक्षीस' हवंच. पण मुलं सर्रास म्हणतात, "मला उत्तेजनार्थ मिळालं." भाचीच्या वर्गात तर त्याचा चक्क नंबर झालाय: "ती पहिली आली, मी उत्तेजनार्थ आले." व्याकरणाने चूक आहे, पण मी दुरुस्त केलं नाही. तुमच्याकडची मुलं कसं म्हणतात?