ओढ्यातल्या जलपर्णीचं खत भाजीला घातलं, आता निकेलची भीती वाटतेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला औद्योगिक वसाहत आहे. निकेल-क्रोमचा मुलामा देणारे छोटे कारखाने आहेत तिथे. पावसाळा सरला की ओढ्याला त्यांचंच पाणी उरतं. मागच्या वर्षी जलपर्णी इतकी माजली की बंधाऱ्यावर पाणी दिसेना. बचत गटाच्या आम्ही बायकांनी आठ दिवस खपून ती ओढून काढली. मुळ्या हातभर लांब, काळ्या, पिसासारख्या. पिळल्या की करडा गाळ निथळायचा. सगळ्याचं गांडूळखत केलं, मेथी-पालकाच्या वाफ्यांत घातलं आणि दहा-बारा पोती गावात विकलीसुद्धा.

दिवाळीनंतर ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी तपासून घेतलं. निकेल लिटरला ०.०६ मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मर्यादा ०.०२ आहे. विहीर पिण्यासाठी बंद केली, पण माझ्या डोक्यातून ते खत जात नाही. जलपर्णी असे धातू मुळांत धरून ठेवते, हे मला नंतर कळलं. मैल्याची घाण कुजून संपते, निकेल कुजत नाही. म्हणजे ओढ्यातलं विष आम्हीच उचलून ताटापर्यंत आणलं का?

खताची तपासणी नेमकी कशाची करून घ्यायची? ओढ्याच्या पाण्यातला धातू टिपायला बंधाऱ्याच्या वर उथळ खाचर काढून पाणकणीस, कर्दळ आणि वाळा लावायचा विचार आहे. ते कापल्यावर गुरांना घातलं तर चालेल का? काठावरच्या अळूची तर आम्ही वर्षानुवर्षं फदफदं-वड्या करतोय.

---

ताई, आधी ते खत वापरणं थांबवा. प्रयोगशाळेत निकेल, क्रोमियम, शिसं आणि कॅडमियम, चारही तपासायला सांगा. खत नियंत्रण आदेशात गांडूळखतासाठी किलोला निकेल ५०, क्रोमियम ५०, शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. वाफ्यांतली मातीही द्या, सामू (माती किती आम्ल आहे ते) बघायला विसरू नका. आम्लधर्मी जमिनीत पीक निकेल जास्त उचलतं.

खाचराची कल्पना चांगली आहे. पाणकणीस बहुतेक धातू मुळांत ठेवतं, पानांत कमी चढवतं. खरं काम मात्र तळाचा चिखल करतो. पाणी साचून हवा तुटली की तिथे गंधकाशी जोडून निकेल अडकून बसतं. उन्हाळ्यात खाचर सुकून भेगाळलं तर तेच पुन्हा सुटतं, म्हणून ते कोरडं पडू देऊ नका. कापलेलं गुरांना नको, खताला नको, चुलीतही नको. राखेत धातू उरतोच. अळू तूर्त बंद.

आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्याच. मुलाम्याचं पाणी कारखान्यातच शुद्ध व्हायला हवं. झाडं उरलंसुरलं टिपतील, कारखान्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येणार नाही.

---

मनापासून आभार. खत कोणी नेलं त्यांची नावं गटाच्या वहीत आहेत. उद्यापासून घरोघर जाऊन सांगते, उरलेली पोती परत आणते. पैसेही परत द्यायचे ठरवलंय. फक्त एवढं सांगा, नमुना एकाच पोत्यातला चालेल, की सगळ्या पोत्यांतलं थोडं थोडं मिसळून द्यायचं?