डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश आणि भरपूर फेस : आपापले अनुभव लिहा

रविवारची_दाढी

माळा आवरताना आजोबांचा दाढीचा डबा निघाला. ॲल्युमिनियमची वाटी, तुरटीचा खडा आणि डुकराच्या केसांचा ब्रश, टोकं पार मऊ झालेली. त्यावरून हा धागा. हल्ली व्हिडिओ बघून इटलीचा ओमेगा नाहीतर पोर्तुगालचा सेमोग असले कंपनीचे ब्रश मागवणारे बरेच झालेत आणि सगळ्यांची तक्रार एकच : फेसच होत नाही, ब्रश सगळा गिळून बसतो.

बहुतेक वेळा ब्रशाची काही चूक नसते. केस पुरते भिजलेले नसतात, नाहीतर साबण कमी घेतलेला असतो. डुकराचा केस जाड असतो आणि पाणी स्वतःच्या आत शोषून घेतो. सिंथेटिकचा धागा काही पीत नाही. त्यामुळे सिंथेटिकच्या सवयीने नुसता नळाखाली धरून क्रीमवर फिरवला की केस त्या क्रीममधलंच पाणी ओढतात आणि वाटीत चिकट लगदा उरतो.

म्हणून आधी भिजवणं. मगमध्ये कोमट पाणी, हाताला सहज सोसेल इतकंच, आणि ब्रश फक्त केसांपुरता बुडवायचा. तीन ते पाच मिनिटं. मूठ बुडवायची नाही, लाकडी असेल तर तडकते आणि आतला गोंद सुटतो. उकळतं पाणी तर अजिबात नको, केस ठिसूळ होतात. तोवर आंघोळ उरकून घ्यावी.

बाकी मंडळींनी भर घाला. साबण, पाणी, वाटी की थेट गालावर, सगळं चालेल.

बोअरवेल_नाशिकरोड

पाण्याबद्दल कुणी बोलत नाही हो. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि त्याचा पांढरा साका होतो. तो साका म्हणजे फेस नव्हे. वाटीत भरपूर दिसतो, गालावर लावला की मिनिटभरात गायब. पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) जडपणा २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० च्या पाण्यात कुठलाही ब्रश आणा, रडणारच.

तपासायला सोपं : एक दिवस आरओच्या पाण्यात भिजवा आणि त्याच पाण्याने फेस करा. फरक पडला तर ब्रश निर्दोष.

मुठा_उजवा_कालवा

आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी, हा प्रश्नच नाही 😄

बोअरवेल_नाशिकरोड

पुणेकर पाण्याचाही अभिमान बाळगतात 🙏

शेवगा_आमटी

बोअरच्या पाण्यात तूरडाळसुद्धा शिजत नाही धड. चिमूट सोडा टाकावा लागतो. इथे विषय नाही पण राहवलं नाही.

चंदन_वडी

@बोअरवेल, आरओमधून वाया जाणारं पाणी धुण्याभांड्याला साठवतात ना, ते दाढीला घेऊ नका. त्यात क्षार उलट वाढलेले असतात. गाळलेलं शुद्ध पाणीच घ्या, एका दाढीला पाव लिटर पुरतं. पावसाळ्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी उत्तम.

दुसरा उपाय सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं. लिटरभर पाण्याला चिमूटभर, जास्त नाही. लिंबू पिळण्याच्या फंदात पडू नका, आम्ल जास्त झालं की साबण फुटतो आणि फेस पातळ पडतो. साबणाच्या वेष्टनावर घटकांत ईडीटीए आहे का बघा. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, जड पाण्यात असे साबण तग धरतात.

गालफुगी

काका, भिजवून झालं, पुढे काय? पाणी सगळं झटकायचं की ठेवायचं? इथेच गाडी अडते.

रविवारची_दाढी

@गालफुगी, ब्रश वर उचला, पाणी आपोआप गळू द्या, मग हलके दोन-तीन झटके. पिळायचा नाही. टोकं ओलसर, बुंध्यात पाणी, अशी अवस्था हवी.

मग साबणाच्या वडीवर गोल फिरवा. पहिली दहा-पंधरा सेकंदं नुसते मोठमोठे बुडबुडे येतात, तिथे लोक थांबतात. थांबू नका. तीस ते पंचेचाळीस सेकंदं, नवा ब्रश असेल तर मिनिटभर. बुडबुडे संपून टोकांवर दाट लेप बसला आणि वडीवर ब्रशाच्या केसांच्या रेघा दिसायला लागल्या की पुरेसा साबण आला. साबण इथे कमी पडला तर पुढे पाणी घालून काही होत नाही.

नंतर वाटीत किंवा गालावर. गालावर करायचं तर गाल आधी चिंब ओला. अर्धा चमचा पाणी, वीस सेकंदं फिरवणं, परत अर्धा चमचा. असं तीन-चारदा. प्रत्येक वेळी फेसाचं रूप बदलतं. आधी कोरडा आणि निस्तेज, मग फुगतो, शेवटी चकचकीत होतो. चकाकी आली की थांबा. वाटीत टांगलेल्या चक्क्याच्या श्रीखंडासारखा उभा राहायला हवा आणि बोटांत चोळला तर बोटं सटकायला हवीत.

चंदन_वडी

वडी फार कडक असेल तर ब्रश भिजतो तोवर वडीवरही चमचाभर कोमट पाणी घालून ठेवायचं. वरचा थर मऊ होतो, साबण लवकर उचलला जातो. ते पाणी नंतर ओतून टाकू नका, गालाला लावा.

ट्रिमर_झिंदाबाद

शून्य नंबरचा ट्रिमर. दोन मिनिटं. विषय संपला.

मुठा_उजवा_कालवा

धागा फेसाचा आहे, तुम्ही कोरडे आलात.

लेक_डोंबिवलीची

बाबांना वाढदिवसाला द्यायचाय म्हणून विचारते. ते ट्यूबमधलं क्रीम वापरतात, वडी नाही. मग हा ब्रश घ्यावा का? आणि वास येतो म्हणतात, खरं का?

गोल_आरसा

@लेक, घ्या की. क्रीम असेल तर भिजलेल्या ब्रशाच्या मधोमध दीड-दोन सेंटिमीटर लांबीचं क्रीम घ्यायचं. सिंथेटिकला सेंटिमीटरभर पुरतं, याला जास्त लागतं कारण बराचसा फेस गठ्ठ्याच्या पोटात अडकतो. बाबांनी दुसरा हात मारताना क्रीम परत घेऊ नये. बुंध्याकडून टोकाकडे बोटांनी हलकं दाबलं की आतला फेस बाहेर येतो.

वास येतो, ओल्या जनावराचा. पहिले काही दिवस. देण्याआधीच सोय करा : शाम्पूने दोनदा धुवा, मग साबणाचा दाट फेस करून ब्रशातच रात्रभर राहू द्या, सकाळी स्वच्छ धुऊन वाळवा. दोन-तीन रात्री असं केलं की वास बराच उतरतो आणि केसही नरम पडायला लागतात. गरम पाणी, सोडा, ब्लीच वगैरे काही नको.

लेक_डोंबिवलीची

थँक्यू दादा! म्हणजे आधीपासून आणून लपवून ठेवावा लागणार. आमच्या वन बीएचकेत.

गोल_आरसा

तांदळाच्या डब्यामागे. पण बंद डब्यात नको, ओला असेल तर बुरशी.

इस्माईल_रत्नागिरी

आमच्यासारख्यांना डुकराचे केस चालत नाहीत, शाकाहारी मंडळींतही बऱ्याच जणांना नको असतात. अडचण अशी की स्वस्त ब्रशांवर काय आहे ते लिहिलेलंच नसतं. काही डुकराचे केस मध्ये काळा पट्टा रंगवून बॅजरसारखे (बॅजर हा एक केसाळ प्राणी, त्याच्याही केसांचे ब्रश होतात) दिसतील असे विकतात.

ओळख : एखादा सुटलेला केस चिमट्यात धरून जाळा. प्राण्याचा केस असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होतो. डुकराचा की बॅजरचा हे बघायचं तर भिंग घ्या. डुकराच्या केसाच्या टोकाला फाटे फुटलेले असतात, बॅजरचं टोक एकच आणि निमुळतं.

नको असेल त्यांनी चांगला सिंथेटिक घ्यावा. भिजवायची गरज नाही, साबण निम्मा लागतो, तासाभरात वाळतो.

रविवारची_दाढी

@इस्माईल भाई, उत्तम माहिती. त्या फाट्यांवरच सगळा खेळ आहे. नव्या ब्रशात ते कमी असतात म्हणून तो टोचतो आणि फेसही कमी धरतो. वापरता वापरता टोकं फुटतात, गठ्ठ्याचा माथा मऊ होतो, मधला भाग ताठ राहतो. साधारण पंधरा-वीस दाढ्यांनंतर फरक जाणवायला लागतो, पुरता मुरायला त्याहून जास्त. टोकं लवकर फुटावीत म्हणून कात्री किंवा सँडपेपर लावू नका, निमुळतं टोकच जातं आणि ब्रश कायमचा टोचरा होतो.

फणसाचा_गरा

आंघोळीच्या साबणावर ब्रश घासून फेस होतो की. वेगळे पैसे कशाला?

चंदन_वडी

होतो आणि लगेच बसतो. आंघोळीचा साबण सोडियमचा, त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा आणि कोरडा. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड (तेल-चरबीतलं एक आम्ल) भरपूर आणि त्यातला बराच भाग पोटॅशियमने साबण केलेला असतो. पोटॅशियमचा साबण मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा, स्टिअरिकमुळे फेस बारीक आणि टिकाऊ. म्हणून क्रीम जवळजवळ सगळं पोटॅशियमचं आणि कडक वडीत दोन्ही. डुकराचा ब्रश ताठ असल्यामुळे कडक वडीवर त्याची खरी मजा. बॅजर तिथे लोळण घेतो.

अर्धी_दाढी

माझा फेस वाटीत मस्त होतो, चेहऱ्यावर लावल्यावर दुसऱ्या गालापर्यंत जाईतो पहिला गाल सुकतो. पाणी कॉर्पोरेशनचं आहे. साबण बदलू?

गोल_आरसा

पंखा चालू असतो का?

अर्धी_दाढी

हो! बेसिन हॉलमध्येच आहे, वर पंखा 🤦

गोल_आरसा

मग साबण बदलू नका, पंखा बंद करा. फेस वाटीत असतो तोवर जाड, गालावर पातळ थर होतो आणि वाऱ्याने पाणी उडतं. तरी सुकलाच तर साबण वाढवू नका, टोकं नुसती पाण्यात बुडवून त्याच गालावर परत फिरवा. वाटीत फेस करताना दोन-तीन थेंब ग्लिसरीन टाकलं तरी ओल टिकते. त्याहून जास्त टाकलं तर फेस बसतो.

कोल्हापुरी_वहाण

मधूनच एक. टूथब्रशसुद्धा पूर्वी डुकराच्याच केसांचे असायचे बरं का. नायलॉनचे १९३८ पासून आले. आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढी-ब्रशांतून अमेरिका-इंग्लंडात लोकांना अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला होता.

फणसाचा_गरा

सकाळी सकाळी काय हे. आता टूथब्रशकडे बघवेना.

सुकं_बोंबील

केस गळतात त्याचं कुणी सांगेल का? गालावर दोन-तीन चिकटलेले असतातच.

रविवारची_दाढी

@सुकं_बोंबील, नवा असेल तर चालायचंच, गठ्ठा बांधताना काही केस सैल राहिलेले असतात ते निघून जातात. महिन्याभराने थांबलं नाही, किंवा एकाच जागचा झुपका हलतोय, तर बुंध्यातला गोंद गेला. चांगली मूठ असेल तर गठ्ठा बदलता येतो, स्वस्त असेल तर नवा घ्या.

आणि केस मधेच तुटत असतील, म्हणजे तुकडे आखूड दिसत असतील, तर दाब जास्त पडतोय. ब्रश गालावर बुंध्यापर्यंत चेपून गरागरा फिरवला की मधले केस वाकून मोडतात आणि गठ्ठ्यात खड्डा पडतो. केसांचा वरचा तिसरा हिस्सा वाकेल इतकाच दाब. शेवटी भिंत रंगवतात तसे वर-खाली फटकारे.

लाल_माती_देवगड

कोकणात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत वाळतच नाही. दुसऱ्या दिवशी कुबट वास. फेस पण मग चिकट येतो.

इस्माईल_रत्नागिरी

@लाल_माती, सिंथेटिक 😊 पण ठेवायचाच असेल तर दोन ब्रश ठेवा, आळीपाळीने. बुंध्याचं पाणी जायला इथल्या हवेत दिवस-दीड दिवस लागतो. धुताना साबण पूर्ण काढा, पिळल्यावर पाणी स्वच्छ आलं पाहिजे. मग झटकून कोरड्या पंचावर पुढे-मागे फिरवा. उभा ठेवा नाहीतर उलटा टांगा, दोन्ही चालतं. मुख्य म्हणजे बाथरूमच्या बाहेर, हवा लागेल तिथे. गॅसजवळ नको.

बोअरवेल_नाशिकरोड

फेस चिकट येतो त्याला जुना साकाही कारण असतो. बुंध्यात पांढरट थर दिसतो का बघा. एक भाग पांढरं व्हिनेगर, आठ-दहा भाग कोमट पाणी, त्यात केस पाच मिनिटं, मग शाम्पूने धुवायचं. जड पाणी असेल तर महिन्यातून एकदा, नाहीतर तीन-चार महिन्यांनी.

लाल_माती_देवगड

थर आहे खरा. व्हिनेगर नाही घरात, कोकम आगळ आहे 😂

बोअरवेल_नाशिकरोड

आगळात मीठ असतं आणि ब्रश गुलाबी होईल. सायट्रिक ॲसिड आणा, कपभर पाण्याला पाव चमचा.

शेवगा_आमटी

आगळाची सोलकढी करा आणि पाककृती इथे टाका.