सरांचे घर मैदानापासून वेगळे नव्हते
आम्हाला फुटबॉल शिकवणाऱ्या सरांनी सारे आयुष्य फुटबॉलला दिले आणि घराच्या वाट्याला उरलेसुरले आले, असे त्यांच्याबद्दलच्या एका प्रतिसादात म्हटले आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा मला मान्य नाही. बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर आमचा सराव चाले तेव्हा त्यांची धाकटी मुलगी कडेला दप्तर घेऊन बसलेली असे आणि आम्ही फेऱ्या मारत असताना सर तिच्याकडून पाढे म्हणवून घेत.

१९९२ साली नियम बदलला आणि सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेणे बंद झाले, तेव्हा मी गोलरक्षक होतो आणि माझा डावा पाय अगदीच कच्चा होता. बेळगावचा पाऊस लागला, मैदानात तांबडा चिखल झाला, की सर मला घरी बोलावून पडवीच्या भिंतीवर डाव्या पायाने शंभर वेळा चेंडू मारायला लावत. मोजण्याचे काम त्या मुलीकडे असे आणि एक फटका चुकला की ती पुन्हा एकपासून सुरुवात करी. त्यानंतर काकू गरम भाकरी वाढत. माझे पान वाढल्याखेरीज सर स्वतः जेवायला बसल्याचे मला आठवत नाही.