स्क्रॅबलमध्ये क्यू आला, यू नाही! शब्द सुचवा (अर्थासकट)

राजेंद्रनगरवाली
नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी पोहे-जिलबी आटोपली की खालच्या हॉलमध्ये स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांनी इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा, पट मांडतात. दोन रिटायर्ड काका, मी, माझी जाऊ आणि आठवीतला एक महाआगाऊ भाचा. क्यूची सोंगटी सबंध थैलीत एकच, दहा गुणांची. इंग्रजीत क्यूच्या मागे बहुतेक वेळा यू लागतो. यू मात्र शंभरात चारच, आणि ते सगळे नेमके काकांकडे जातात. शेवटी क्यू हातात राहिला की आपले दहा जातात आणि ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या त्याला ते मिळतात, म्हणजे दुहेरी मार.

यूशिवाय चालणारे क्यूचे शब्द हवे आहेत. नुसती यादी नेटवर ढीगभर मिळते, पण तिचा उपयोग नाही. आमच्याकडे घरचा नियम आहे: अर्थ सांगता आला नाही तर गुण नाहीत. लक्षात राहतील असे सांगा.

भियाजी५६
क्यू-आय. उच्चार ‘ची’. चिनी लोक शरीरातल्या प्राणशक्तीला म्हणतात ते. क्यू अशा तिप्पट अक्षराच्या घरात (तिथे अक्षराचे गुण तिप्पट) बसवा की तो आडवा आणि उभा दोन्हीकडे क्यू-आय होईल. क्यूचे तीस, आयचा एक; एकतीस अधिक एकतीस, बासष्ट! भाचा गप्प.

राजेंद्रनगरवाली
वा भिया! ताई ची म्हणून बागेत सकाळी हात हलवतात, त्यातला ची ना हा?

भियाजी५६
नाही. तो चिनीत वेगळाच शब्द आहे. चिगोंग नावाचा व्यायाम असतो, त्यातला हा. भाचा अडवेल म्हणून आधीच सांगून ठेवतो.

नुक्ताचीन
ताई, माझी उमर कोर्टाच्या बाबूगिरीत गेली. आपल्याकडच्या कचेरीत फारसी-अरबी शब्दांशिवाय पान हलत नाही, त्यामुळे ही गोष्ट मला फार सोपी वाटते. हिंदीत ज्या ‘क’खाली नुक्ता (टिंब) देतात, तो बहुतेक वेळा अरबीतला काफ, घशातून काढायचा. इंग्रजांनी तो लिहिताना क्यू वापरला आणि यूच्या भानगडीत पडले नाहीत. मराठीत आपण नुक्ता देत नाही म्हणून हे चटकन दिसत नाही, पण इंदूरला हिंदी पाट्या वाचतच मोठे झालो ना आपण.

आता बघा. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर (हा के घालूनही चालतो). निकाब, बुरखा, तलाक, कव्वाली, हे सगळे क्यूने लिहिलेले इंग्रजी कोशात आहेत. क्यू-आय-बी-एल-ए, किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, मक्केकडची. एस-यू-क्यू, सूक, म्हणजे अरबी बाजार. इथे यू आहे, पण क्यूच्या आधी! क्यू-ए-टी हे येमेनमध्ये लोक गालात धरून चघळतात ते पान. तरतरी येते म्हणतात.

माझा लाडका मात्र क्यू-ए-एन-ए-टी, कनात. अर्थ विचारला तर लग्नाच्या मांडवाची कनात सांगू नका, गुण जातील. ही कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं पाणी नुसत्या उतारावर गावापर्यंत आणणारा जमिनीखालचा बोगदा. वरून ओळीनं विहिरींसारखी तोंडं ठेवायची, म्हणजे खणता येतं, माती काढता येते, हवाही खेळते. पंप नको, मोट नको. मूळ कल्पना इराणची. बघायला तिकडे जायची गरज नाही, बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा हेच आहे. १६१५ साली, जहांगीरच्या काळात बांधला. सातपुड्यात मुरलेलं पाणी शंभराहून जास्त कुंड्यांखालून शहराकडे येतं. काही जण त्याला खुनी भंडारा म्हणतात. भाच्याला एकदा तिथे घेऊन जा, हा शब्द तो जन्मात विसरणार नाही.

नुक्त्याचा नियम डोळे मिटून लावू नका मात्र. किस्मत तुर्कीमार्गे इंग्रजीत गेली, तिला के लागला.

ग्वाल्हेरची मास्तरीण
नुक्ताचीन, छान सांगितलंत. यू चिकटला कुठून तेही सांगते, मुलं हटकून विचारतात. जुन्या इंग्रजीत क्यूच्या जागी सी-डब्ल्यू लिहीत. राणी म्हणजे सी-डब्ल्यू-ई-एन! १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लॅटिनच्या धर्तीवर क्यू-यू रुजवलं. म्हणजे यूशिवायचे हे शब्द बाहेरून उशिरा आले, आणि त्यांनी ती शिस्त मानली नाही.

अजून एक घ्या, क्यू-ओ-पी-एच. हिब्रू लिपीतल्या एका अक्षराचं नाव. आपला क्यू त्याच अक्षराच्या कुळातला.

भियाजी५६
कीबोर्डच्या वरच्या ओळीतली पहिली सहा अक्षरं, क्वर्टी, तीही चालतात. शब्दच आहे तो.

राजेंद्रनगरवाली
मंडळी, धन्यवाद! जाऊबाईंना कनात फारच आवडली, तिचं माहेर खंडव्याचं. आता एवढंच सांगा, कतार आणि क्वांटास चालतील का? काकांनी मागे क्वांटास लावून दाखवलं आणि सगळे गप्प बसले.

नुक्ताचीन
दोन्ही नाही. देशाचं नाव विशेषनाम. क्वांटास तर क्वीन्सलँड अँड नॉर्दर्न टेरिटरी एरियल सर्व्हिसेसची आद्याक्षरं, म्हणूनच त्यात यू नाही. काकांना पुढच्या रविवारी प्रेमानं सांगा. आणि खेळायच्या आधी डिक्शनरी कोणती ते ठरवून घ्या. इंग्लंडची यादी आणि अमेरिकेची यादी एक नाही, त्यावरून आमच्या क्लबात पट उधळलेला मी पाहिला आहे.