'निर्वात' म्हणजे नेमकं किती रिकामं?

प्रश्न : निक्सी ट्यूब (निऑनच्या नारिंगी उजेडात अंक दाखवणारी काचेची नळी) घरी कशी करायची, यावर मराठीत लिहितोय. हिला 'निर्वात नळी' म्हटलं तर चालेल का? आणि 'हाय व्हॅक्यूम'ला काय म्हणू?

– नाही चालणार. निर्वात नळी म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व. त्यात इलेक्ट्रॉनच्या वाटेत कुणी आडवं येऊ नये म्हणून हवा काढतात. निक्सीत वायू नसेल तर उजेडच पडणार नाही. 'वायुभरित नळी' म्हणा. व्हीएफडीचे (व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले, अंक दाखवायचा दुसरा प्रकार) हिरवट-निळे अंक मात्र खरोखर निर्वातात असतात, दोन्हींची गल्लत करू नका.

– मग शेवटी वायूच भरायचा तर आधी एवढा व्हॅक्यूम कशाला?

– भांडं घासल्याशिवाय त्यात दूध ओतत नाहीत, म्हणून. हिशोब करून बघा. साधा रोटरी पंप 0.01 टॉरपर्यंत (टॉर म्हणजे दाब मोजायचं एकक) पोचला आणि वर 20 टॉर निऑन भरला, तर दोन हजारांत एक भाग घाण राहिली. निऑनला तेवढीही जड जाते : पेटायला जास्त व्होल्ट लागतात, रंग मळतो. 0.00001 टॉर गाठलात तर तेच प्रमाण वीस लाखांत एक. त्यासाठी रोटरीच्या पुढे डिफ्यूजन किंवा टर्बो पंप लागतो. या पातळीला 'उच्च निर्वात' शब्द रुळलेला आहे, तोच वापरा. 'निर्वात पोकळी' मला तरी पाणचट वाटतं, एकच गोष्ट दोनदा.

आणि नुसतं 'निर्वात केली' असं लिहू नका, आकडा द्या. 0.00001 टॉरलाही एका घनसेंटीमीटरमध्ये तीनशे अब्जांहून जास्त रेणू उरतात!

– 'आउटगॅसिंग'चं काय?

– 'वायू सुटणे'. खरी डोकेदुखी तीच. हवा पटकन निघते, पण काचेला चिकटलेली वाफ आणि धातूत मुरलेला हायड्रोजन तासन्‌तास झिरपत राहतात. म्हणून पंप चालू ठेवूनच नळी भट्टीत 350–400 अंशांवर भाजतात आणि आतले धातूचे भाग इंडक्शन कॉइलने लाल करतात. या कामाला सगळे 'बेक करणे', 'डीगॅस करणे' असंच म्हणतात. 'वायुविमोचन' वगैरे घडवायच्या भानगडीत पडू नका, वाचणारा तिथेच थांबेल. 'गेटर'ही तसाच ठेवा. बेरियमचा गेटर तापवला की काचेवर आतून चकचकीत आरशासारखा डाग पडतो, तो उरलासुरला ऑक्सिजन, नायट्रोजन धरून ठेवतो. निऑन अक्रिय, त्याला तो हात लावत नाही.

– एक भर. 'गळती' शब्द जपून वापरा. पंपाकडची झडप बंद केल्यावर दाब चढला की लोक लगेच 'लीक आहे' म्हणतात. दाब एकाच वेगाने चढत राहिला तर गळती, चढता चढता मंदावला तर बहुतेक आतलाच वायू सुटतोय. पहिल्यात जोड शोधायचा, दुसऱ्यात परत बेक करायचं.