सव्वादोन वर्षांचा मुलगा मोजकेच शब्द बोलतो. थांबावे की स्पीच थेरपी सुरू करावी?

मानेवाड्याची आई

नमस्कार. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. ‘आई’, ‘पापा’, ‘दुदू’ आणि गाडीसाठी ‘भुर्र’ एवढेच शब्द तो बोलतो. बाकी काही हवे असले की माझा हात धरून तिथे नेतो आणि माझाच हात त्या वस्तूवर ठेवतो. हाक मारली तर कधी वळतो, कधी वळत नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र धावत स्वयंपाकघरात येतो, त्यामुळे कान चांगले आहेत असे आम्ही धरून चाललो आहोत. सासूबाईंच्या मते त्याचे बाबाही उशिराच बोलायला लागले होते, तेव्हा काळजी करू नये आणि वेखंड उगाळून जिभेला लावावे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण त्याला सांभाळणाऱ्या मावशी आणि शेजारची मुले हिंदी बोलतात. एका प्ले-स्कूलमध्ये चौकशी केली, तर त्यांनी घरी फक्त इंग्रजीच बोलायला सांगितले. तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी का, आणि नागपुरात प्रथम कुठे दाखवावे?

स्पीच थेरपिस्ट, धंतोली

ताई, तीन वर्षांपर्यंत थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांकडे ५० च्या आसपास शब्द असतात आणि ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असते. शब्द मोजताना हिंदी-मराठी दोन्ही धरावेत, आणि गाडीसाठी ठरलेले ‘भुर्र’ हाही शब्दच आहे. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात हे खरे. पण आपले मूल त्यांपैकीच आहे की नाही हे आधी सांगता येत नाही, आणि वडील उशिरा बोलले होते ही बाब निर्धास्त होण्याची नसून तपासणाऱ्याला आवर्जून सांगण्याची आहे.

सर्वांत आधी श्रवणचाचणी. कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणजे बोलणे ऐकू येते असे नाही. शिट्टी फार मोठी असते, तर स, श, त, क यांसारखे ध्वनी हळू असतात. ते निसटले तर मुलाला आवाज कळतो, शब्द मात्र अर्धवट पोहोचतात. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि ठणका नसल्यामुळे ते घरच्यांच्या लक्षातही येत नाही. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातील सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा. मुलाने उत्तर देण्याची गरज नसलेल्या ओएई आणि बेरा या चाचण्या असतात, तर मधल्या कानातील पाणी टिंपॅनोमेट्रीने कळते.

तुम्ही लिहिलेली दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तुमचा हात वस्तूवर ठेवताना तो तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो का? आवडलेले काही दिसले तर बोटाने दाखवून तुमच्याकडे वळतो का? ‘चप्पल आण’ हे खुणेशिवाय सांगितलेले त्याला कळते का? उत्तरे बहुतांशी ‘नाही’ असतील, तर केवळ बोलण्याची नव्हे, एकूण विकासाची तपासणी बालविकासतज्ज्ञांकडून करून घ्या. येथे लिहिलेल्या चार ओळींवरून कोणतेही निदान होत नाही आणि मी ते करतही नाही. एरवीही, बोलत असलेले शब्द मूल गमावू लागले, तर वय काहीही असो, एक आठवडाही घालवू नये.

भाषेबाबत मला ठाम बोलायचे आहे. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलत नाही. तुम्ही ज्या भाषेत सहज रागावता, लाड करता, गोष्टी सांगता, तीच त्याच्याशी बोला. अडखळत बोललेल्या इंग्रजीतून त्याला तुटक आज्ञा तेवढ्या मिळतील, संभाषण मिळणार नाही. वेखंडाने बोलणे सुरू होत नाही. त्यातील बीटा-असारोन हा घटक घातक आहे, म्हणून ते लहान मुलाला चाटवू नये.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक अवश्य विचारा. १९९२ च्या कायद्यानुसार ही नोंदणी बंधनकारक आहे, आणि आपल्याकडे काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारेही आहेत. नागपुरात केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी आहे. तिथेही चौकशी करावी.

नातवाचे आजोबा, महाल

आमच्या नातवाची थेरपी सुरू झाली तेव्हा तिथे त्याला बोलायला शिकवतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मॅडमनी अधिक वेळ आम्हालाच शिकवले. पहिली सूचना अशी की ‘हे काय आहे? म्हण बरं!’ अशी परीक्षा घेणे बंद करा. त्याचे लक्ष जिथे असेल त्याविषयी आपणच छोट्या वाक्यात बोलायचे, आणि मग थांबायचे. हे थांबणे फार अवघड असते. संत्रे सोलून, बी काढून फोड हातात धरायची, त्याच्याकडे पाहायचे आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचे. आमच्या घरात पाचाच्या पुढे कुणाला धीर धरवत नसे. एके दिवशी त्याने फोडीकडे आणि मग माझ्याकडे पाहून ‘दे’ म्हटले. त्यावर ‘फोड दे. गोड फोड दे’ असे मी म्हणायचे, त्याच्याकडून वदवून घ्यायचे नाही, आणि फोड लगेच द्यायची. अडवून ठेवले की मूल चिडते आणि बोलणे नकोसे होते.

जेवताना मोबाइल बंद करणे हेही त्यातच आले. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला दोन वर्षांखाली पडदा अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असा आहे. आमचा मुख्य तोटा असा होता की त्याच्या तोंडात घास आणि डोळ्यांसमोर व्हिडिओ असताना घरातील कुणीच त्याच्याशी बोलत नव्हते. सासूबाईंना आणि सांभाळणाऱ्या मावशींना एखाद्या सत्राला सोबत न्या, ताई. मुलाशी दिवसभर बोलणारी माणसे त्याच आहेत.

अंगणवाडी सेविका, हुडकेश्वर

ताई, खासगी तपासणीचा खर्च जड जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा उपयोग करून घ्या. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करते. त्यात ऐकणे आणि भाषेचा विकासही पाहिला जातो. गरज असल्यास बाळाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. तुमच्या वस्तीतील सेविकेला भेटून नाव नोंदवा. पथकाची वेळ दूर असेल तर त्यासाठी कानाची तपासणी मात्र लांबवू नका.

मानेवाड्याची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल दिवसभर लक्ष ठेवले. तो बोटाने दाखवतो, पण माझ्याकडे क्वचितच पाहतो. ‘चप्पल आण’ हे मी दाराकडे पाहून म्हटले तरच कळते. श्रवणचाचणी आणि बालविकासतज्ज्ञ, दोन्ही करणार आहोत. बेरा चाचणीसाठी झोपेचे औषध देतात असे कळले, त्याची भीती वाटते.

स्पीच थेरपिस्ट, धंतोली

निरीक्षण नेमके केले आहे. हेच तिथे सांगा आणि त्याच्या खेळण्याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ सोबत न्या. बेरासाठी मूल शांत झोपलेले असावे लागते. आदल्या रात्री थोडे उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवले आणि वाटेत गाडीत झोपू दिले नाही, तर पुष्कळ मुले औषधाशिवाय झोपतात. औषध द्यावेच लागले, तर ते रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते; घरून काहीही पाजून नेऊ नका. किती वेळ आधीपासून खाणे-पिणे बंद ठेवायचे हे तारीख घेतानाच विचारा. त्या दिवशी सर्दी किंवा ताप असेल, तर आधी फोन करून कळवा, कारण चाचणी पुढे ढकलावी लागू शकते.